कानांची वही

मेंढरांच्या कानांची वही असते आमच्या बेटांवर.
डाव्या कानाला मागून खाच, उजव्याचं टोक छाटलेलं:
म्हणजे दक्षिणेच्या कड्यावरच्या घराचं जनावर.
अशा दोनशे अकरा खुणा,
आणि त्या सगळ्या तोंडपाठ असलेला एकच माणूस,
हानुस, वय चौऱ्याऐंशी.
तो विचारतो, सुन्नेवा,
मी गेल्यावर तुझ्या त्या यंत्रात काय काय उरेल?

म्हणून या हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या टेबलावर
दोन हत्यारं शेजारी मांडून बसले आहे.
दोन्ही फुकट, दोन्हींचं पोट उघडं,
ज्याला वाचता येईल त्याने ओळ न् ओळ वाचावी.

पहिलं शोधणारं.
त्याला स्वतःचा सर्व्हर नाही.
त्याची सूची दूरच्या एका स्वस्त कोठारात पडून असते
गुंडाळलेल्या जाळ्यासारखी,
आणि कुणी विचारीपर्यंत ते झोपतं.
झोपेचं भाडं लागत नाही, हे त्याचं मोठेपण.
मी विचारलं: डाव्याला खाच.
ते उठलं, डोळे चोळले, कोठारापर्यंत जाऊन आलं.
तीन सेकंद.
दुसऱ्यांदा विचारलं तर पापणी लवायच्या आत.
हानुस म्हणाला, माझंही तसंच,
पहिल्या कॉफीआधी मला काही विचारू नकोस.

दुसरं साठवणारं.
ते प्रोग्रामच्या आतच राहतं, कणकेतल्या मिठासारखं,
वेगळं काढून दाखवता येत नाही.
एकच फाइल, तिच्या तीन प्रती:
एक क्लाक्सविकला, एक स्वीनॉयला, एक इथे फुग्लॉयवर.
नवी ओळ लिहायची तर तिघींत दोघींनी हो म्हणायला हवं.
पाचामुखी परमेश्वर खरा,
पण आमची बेटं लहान, आमचं दोघांमुखी भागतं.

मी तक्ता केला. जागा, वेग, खर्च,
शेवटचा बदल कधी.
पहिल्याच्या मागे चाळीस माणसं.
दुसऱ्याच्या मागे एक,
आणि त्यानेही चौदा महिन्यांपूर्वी लिहून ठेवलंय:
मुलगी झाली आहे, उत्तरं उशिरा येतील.
त्या रकान्यात काय भरावं कळेना.
मी लिहिलं, मुलगी झाली.

जानेवारीत वादळ आलं.
बोट नऊ दिवस फिरकली नाही,
चौथ्या दिवशी समुद्राखालची तार गेली.
शोधणारं उठेचना.
कोठाराकडे जायला वाटच नव्हती,
चाळीसही माणसं तारेच्या पलीकडे.
आमची प्रत मात्र जागी होती. जुनं सगळं वाचून दाखवायची,
नवं एक अक्षर घेईना.
म्हणायची, मी एकटी आहे,
एकटीने ठरवायचं नसतं.

त्याच दुपारी कड्याखाली मेंढी सापडली, मान मोडलेली.
दोन्ही कानांना तिरकी काट, मधोमध भोक.
फाइल म्हणाली, अशी खूण नाही.
हानुसने तो गार कान दोन बोटांत धरला
आणि बराच वेळ सोडला नाही.
मग म्हणाला, आहे. ओलेवीनाची.
लग्न मोडलं तेव्हा तिने खूण बदलून घेतली.
माझ्याशीच मोडलं.
वही तेव्हा माझ्याकडे होती, मी चढवली नाही.
मेंढरं तिचा पुतण्या राखतो. गावाला ठाऊक आहे,
माझ्यासमोर कुणी बोललं नाही, इतकंच.

मी ते दुधाच्या खोक्याच्या पाठीवर लिहून ठेवलं.

तार जोडली गेली त्या संध्याकाळी
हानुस टोपीसकट माझ्या शेजारी बसला.
दोनशे बारावी ओळ मी टाइप केली.
स्वीनॉयने हो म्हटलं, आम्ही होतोच,
ओळ पक्की झाली.
झालं? त्याने विचारलं.
झालं. क्लाक्सविकचं यायचंय, पण त्यावाचून अडत नाही.
ती क्लाक्सविकलाच असते, तो म्हणाला,
आणि कॉफी थंड होईपर्यंत उठला नाही.

रात्री अकरा वाजून सहा मिनिटांनी
क्लाक्सविकचंही हो आलं.
तेव्हा तो घरी गेला होता.
तक्त्यातला निवडीचा रकाना अजून मोकळाच आहे.