बालिंग्याच्या अलीकडं

रात्री दीडला रस्ता जरा मोकळा होतो.
तौफिक खडू चोळलेली सुतळी ताणून धरतो,
मी टिचकी मारतो, डांबरावर रेघ उठते,
आणि शिंत्रे मॅडम टेप ओढत ओरडतात,
"हिंदुराव, आता सहा मीटर. पुढची पाचावर.
मग चार. मग तीन."
वळणाच्या तोंडाशी पट्ट्या
दाटीवाटीनं बसतात,
शेवटच्या पंगतीसारख्या.

"ह्यानं हुणार काय?" तौफिक विचारतो.
काही नाही. गाडी आहे तेवढीच पळणार,
डोळ्याला वाटणार, उधळली.
पाय आपसूक ब्रेकवर जाणार.
"म्हंजे खोटंच की."

खोटं मला जुनं आहे, बाळा.
थेटरामागच्या बोळात शिडीवर उभं राहून
वीस वर्षं सपाट कापडावर गाल उठवले.
हनुवटीखाली जांभळ्याचा एकच हात मारला
की हिरॉईन मान वळवायची.
वर बघत जाणारी माणसं
सायकलीसकट गटारात गेलेली
ह्या डोळ्यांनी बघितली आहेत.
मग फ्लेक्स आला.
रॉकेलच्या डब्यात उभे केलेले ब्रश
उभ्याउभ्याच वाळले.

आता रंग एकच, पांढरा.
ओला असतानाच वर काचेची पूड,
करंजीवर पिठीसाखर भुरभुरावी तशी,
दिव्यात चमकायला.
खाली कोपऱ्यात सही करायला
हात अजून जातो.
टेंडरात ते बसत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी टपरीवर होतो.
ऊस भरलेला ट्रॅक्टर, मागं दोन ट्रेल्या,
वाडं रस्ता झाडत, टेप फुल्ल,
पुलाकडं धडधडत निघालेला.
पहिली पट्टी. दुसरी. तिसरी.
मी चहा विसरून मोजत होतो.
नवव्या पट्टीला तांबडा दिवा लागला,
एकच, दुसरा फुटलेला.

वळणापलीकडं गाडी लावून ड्रायव्हर चालत मागं आला,
"कटिंग दे" म्हणाला,
मग टॉवेलनं मान पुसत सगळ्या टपरीला:
"कुठल्या शहाण्यानं मारल्यात ह्या रेघा?
तीसनं आलोय लका,
आन् पोटात साठचा गोळा!"

तौफिक माझ्याकडं बघायला लागला.
त्याला डोळ्यानंच दाबलं.
बशी तोंडाला लावली,
जीभ भाजली तरी
फुंकर मारायचं सुचलं नाही.