सुंठेवाचून

शेफिल्डच्या विद्यापीठात, तळघरात,
मी कॅप्सूल भरते.

निम्म्या कॅप्सुलांत बुरशीची भुकटी.
डोंगरात अळी मातीखाली मरते,
तिच्या डोक्यातून काडी वर येते:
हिवाळ्यात किडा, उन्हाळ्यात गवत,
असंच नाव आहे म्हणे तिचं चिनीत.
मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्याला
आपण नावं ठेवतो.
इथे त्याची पावती मिळते, ग्रॅमवर.

उरलेल्या निम्म्यांत तांदळाची पिठी.
रंग जुळावा म्हणून मीच ती भाजते,
कोपऱ्यातल्या शेगडीवर, सारखी हलवत,
आणि खमंग वास सुटायच्या किंचित आधी उतरवते.
किती आधी, ते नियमावलीत नाही.
तिथे फक्त लिहिलंय: ‘तपकिरी होईतो.’

डब्यांवर आकडे चिकटवतं दुसरंच कुणी.
म्हणजे कोणाच्या पोटात काय गेलं
ते मला माहीत नाही, आणि नसायलाच हवं.

एकोणीस नंबर: नेव्हिल ओल्डरॉइड. वय त्रेसष्ट.
बत्तीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर, मग गुडघा, मग सोफा.
दर पंधरवड्याला बुधवारी उपाशीपोटी येतो,
माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव अक्षर अक्षर लावत वाचतो: उपासनी.
अर्थ विचारला तेव्हा मी थाप मारली,
‘उपाशी माणसांना सायकलवर बसवणारी.’
तो इतका हसला की मुखवट्यात वाफ धरली
आणि त्या मिनिटाचा ऑक्सिजन बाद करावा लागला.

पहिल्या वेळी एकशे दहा वॅटला
त्याने हात टेकले.
कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेताना म्हणाला,
‘भट्टी विझली, लव्ह.’
आठव्या आठवड्यात एकशे एक्केचाळीस.
डॉक्टर थॉर्पनी आलेख दोनदा छापला.
नेव्हिल म्हणाला, ‘किड्यात दम आहे.’

मग शुक्रवारी, काम सुटल्यावर,
मी चक्रीफूल आणायला गेले मिसेस यिपच्या दुकानात.
चढावर, अगदी वर,
जिथे बस जात नाही आणि मला दोनदा थांबावं लागतं.
तिच्यामागे लाकडी खणांची भिंत,
शंभरेक खण, शंभर वास,
आणि तिला सगळे पाठ.
माझ्या गळ्यातला बिल्ला पाहून
तिने तराजू बाजूला सारला.

‘तुमचा एक मोठा माणूस येतो इथे.
सोमवारी, गुरुवारी. पायी. गुडघ्याला शिव्या देत.
कॅप्सूल पुढे करतो: ही खरी का, सांग.
मी म्हणते, पुढच्या वेळी सांगते. ये परत.’
‘आठ आठवडे?’
‘माझं नाक म्हातारं झालंय, असं सांगितलंय त्याला.’

आणि मग, पुडीला दोरा गुंडाळत,
माझ्याकडे न बघता:
‘तांदूळ आहे. पहिल्याच दिवशी कळलं.
पण भाजलाय छान.
कोणीतरी वेळेवर उतरवलाय.’

सुंठेवाचून खोकला गेला, म्हणतो आपण.
सुंठेचं दुकान चढावर होतं
हे सांगायचं राहून जातं.

आता समोर फॉर्म आहे.
शेवटचा रकाना: ‘नियमभंग, असल्यास.’
तीन ओळींची जागा सोडलीय.
तीन ओळींत तो चढ कसा मांडायचा,
आणि मांडला तर कोणाच्या नावावर?
त्याच्या, तिच्या,
की बुरशीच्या खात्यात जमा झालेल्या त्या एकतीस वॅटच्या?

काल पिठी भाजताना पहिल्यांदाच करपली.
टाकून दिली. वहीत लिहिलं:
वाया, चाळीस ग्रॅम. कारण: लक्ष नव्हतं.

एकोणीस नंबरचा रकाना अजून कोरा आहे.
नेव्हिल बुधवारी येईल,
उपाशी.