बोल्ट

पहिल्या दिवशी चिट्याल सर म्हणाले,
'हा बर्फ आहे समजा बे.'

बंद मिलच्या सूतखात्याची फरशी ती.
मार्च संपत आलेला, पारा एकेचाळीस.
मशिनी भंगारात गेल्या, त्यांचे बोल्ट मात्र
जमिनीतून अजून बोटभर वर होते.
सरांनी प्रत्येकाभोवती खडूने गोल काढला.
'इथे बर्फ पातळ आहे. चाक गेलं की थेट खाली, पाण्यात.'
आम्ही हसलो.
सर हसले नाहीत.

कॉलेजच्या कागदावर ते शारीरिक शिक्षण संचालक:
खो-खो, गोळाफेक, पंधरा ऑगस्टचं संचलन.
बर्फावरची हॉकी त्यांच्या डोक्यात कुठून शिरली
कुणालाच धड माहीत नाही.
कोण म्हणे, फौजेतल्या मेहुण्याने पाठवलेला फोटो,
कोण म्हणे, रद्दीत सापडलेलं रशियन मासिक.
विचारलं तर म्हणायचे,
'पोहायला शिकायला समुद्र लागतो का? विहीर पुरते.'
आमच्याकडे विहीरपण नव्हती, सर.

मला गोलात उभं केलं कारण मला पळता यायचं नाही.
अम्मासोबत विड्या वळायचे मी, पाच वर्षांची असल्यापासून.
'हिचे हात बघा,' ते बाकीच्यांना म्हणाले,
'नजर दारात, हात सुपात.'
पॅड नव्हते.
घरची चादर आणली त्यांनी, मोराच्या नक्षीची,
दोन तुकडे, आठ घड्या, सुतळीने पायाला आवळल्या.
सरांच्या घरी म्हणे आठवडाभर अबोला.
ट्रकच्या टायरमधून कापलेली पहिली चकती
मोराच्या मानेवर बसली.
अजून कळ येते थंडीत.

एकवीस अर्ज. सहा प्राचार्य.
शेरा एकच, वेगवेगळ्या शाईत:
बर्फ? सोलापुरात?
सरांनी ते सगळे कागद फाईलला लावले,
वर लिहिलं: पत्रव्यवहार, चालू.

एकदाच गेलो.
पतसंस्थेचं कर्ज सरांच्या नावावर,
जामीन हज्जूभाई, मिलचा वॉचमन.
महादेवी हत्तुरे, तहसीन, यन्नमांची पद्मजा, मी,
आणि आणखी पाच जणी,
दोन-दोन स्वेटर, डब्यात कडक भाकरी अन् शेंगाचटणी.
लडाखात एक तळं, या टोकापासून त्या टोकापर्यंत गोठलेलं.
सरांनी बूट काढले. मोजे काढले.
अनवाणी पाऊल टेकवलं, लगेच उचललं नाही.
आम्हाला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील.
'सपाट आहे,' म्हणाले.

सतरा–शून्य.
अडवलेले किती, ते कुणी मोजत नाही;
मी मोजले होते. त्रेचाळीस.
सामन्यानंतर तिकडच्या कोचने सरांना बाजूला घेतलं,
हिंदीत, अगदी अदबीने:
आपकी लड़कियाँ अच्छी हैं,
मगर बीच में अचानक मुड़ क्यों जाती हैं?
वहाँ तो कुछ है नहीं.

सरांनी उत्तर दिलं नाही.
रात्री स्टोव्हशेजारी बसून वहीत काहीतरी काढत होते.
मी पाणी प्यायला उठले तेव्हा दिसलं:
सूतखात्याचा नकाशा, बोल्टसकट,
आणि त्यावर महादेवीची धाव, तहसीनची धाव,
तळ्यावरची, जशीच्या तशी.

परतल्यावर त्यांनी करवत आणली.
चौदा बोल्ट कापले. तेवढ्यात मिलचा लिलाव झाला.

निवृत्तीला शाल मिळाली, श्रीफळ,
आणि भाषणात 'क्रिकेटसाठी दिलेलं योगदान'.
सरांनी टाळ्या वाजवल्या.

परवा भेटले.
सूतखात्याच्या जागी आता सात मजले, खाली पार्किंग,
माझं पोस्टातलं बचतीचं काम तिथेच, बी विंगमध्ये.
बोलत बोलत चाललो होतो. गुडघा, मुलीचं लग्न, साखर.
गुळगुळीत फरशी, एकही गाडी नाही.
मधेच सर डावीकडे वळले.
मीही.

चार पावलं गेल्यावर थांबले, मागे बघितलं.
'तो राहिलाच होता बे कापायचा,' म्हणाले.
'पंधरावा.'