काळीज मागितलं तर

मी म्हणालो, "चाँदभाई, बकऱ्याचं एक काळीज द्या,
उद्या आठवीला शिकवायचंय."
त्यांनी पेपरात गुंडाळून दिलं.
घरी उघडलं तर चॉकलेटी, पसरट, मऊ:
यकृत.

परत गेलो. उदगीरचा चौबारा, माश्या, संध्याकाळ.
चाँदभाई सुरीला धार लावत हसले,
"काळीज म्हणलात, काळीजच दिलं की सर.
तुमाला पायजे ते दिल.
तुमच्या मराठीत दोघांला एकच नाव,
त्याला मी काय करू?"
पैसे घेतले नाहीत. "शाळेचं हाय, ऱ्हाऊ द्या."

बायकोनं फ्रीजमध्ये ठेवू दिलं नाही.
ते रात्रभर माठाशेजारी, बर्फाच्या डब्यात.

सकाळी कॅन्टीनचा ट्रे, नवं ब्लेड, पाण्याची बाटली.
छत्तीस पोरं, त्यातली चौघं नाक दाबून खिडकीशी.
फळ्यावर लिहिलं: अलिंद. निलय.
परीक्षेत या शब्दांचा अर्थ विचारत नाहीत,
मलाही बीएडनंतर कळला,
अलिंद म्हणजे ओसरी, निलय म्हणजे घर.
अंगभर हिंडून दमलेलं रक्त
आधी ओसरीवर टेकतं, मग आत जातं,
तिथून फुप्फुसात, वारा प्यायला,
आणि लालभडक होऊन येतं
पलीकडच्या ओसरीवर.

"आणि दारं किती सर?" गजू स्वामी.
चार. जाऊ देतात, माघारी येऊ देत नाहीत.
महाधमनीच्या तोंडातून पाणी ओतलं.
तीन इवल्या खिशांनी पोटं फुगवली,
एकमेकींना टेकल्या,
पाणी तिथंच उभं.
लब-डब म्हणता ना, तो धडकण्याचा आवाज नाही रे.
दारं लागल्याचा आहे.
उघडतात ती मुकाट.

डाव्या भिंतीत ब्लेड अडकलं.
करंगळीएवढी जाड; उजवी मात्र भाकरीच्या पापुद्र्यासारखी.
कामून? विचारलं कुणीतरी.
उजवीला शेजारच्या घरापर्यंतच पोचवायचं असतं,
डावीला खाली टाचेपर्यंत, वर डोक्यात,
आणि पहिला वाटा
तिच्या स्वतःच्या मांसाला,
तोही आवळून झाल्यावर, सैल पडल्या क्षणी.
राबताना तिलाही जेवता येत नाही.

हे बोलत होतो तेवढ्यात संबोधी ससाणे उठली.
वर्षभरात तिचा आवाज हजेरीपुरता.
ट्रेपाशी आली, ओढणी खोचली,
आणि दोन खोल्यांमधल्या भिंतीवर
बोट ठेवलं, उघडं, न कचरता.
"सर, माजं हितं होतं. भोक."

पहिलीत असताना तपासणीवाल्या मॅडमला
लब आणि डबच्या मधे फुस्स ऐकू आलं होतं.
लातूरला नेलं. ठिगळ लावलं.
"एवढं," तिनं नखानं ट्रेवर गोल काढला,
"आता त्याच्यावर माजंच मास आलंय म्हणे.
कुटं शिवलंय ते सापडत नाही."

खिडकीजवळची चौघं कधी पुढं आली, कळलं नाही.
माझी पुढची वाक्यं होती, टाचणवहीत होती,
केशवाहिन्या, रक्तदाब, गृहपाठ.
मी नरसाळ्याला रबरी नळी जोडली.
पोरींनी पाळीपाळीनं ऐकलं.
तस्लीमनं डोळे मिटले, फार वेळ,
म्हणाली, "नाही. फुस्स नाही."
मागं गजू स्वतःच्याच मनगटावर
आपली नाडी शोधत होता,
अंगठ्यानं, चुकीच्या बोटानं, आणि चुकीच्या जागी.

संध्याकाळी चाँदभाईंना सांगितलं.
सुरी खाली ठेवली, हात पुसला.
"लई घट्ट काळजाची हाय पोरगी."
"दिल म्हणा चाँदभाई, तुम्हीच तर शिकवलंत."
"नाही सर," ते म्हणाले, "इथं काळीजच."
आणि मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं,
अर्धा की पाव.