मधल्या महिन्यातला

"मिस्त्री येणार होते ना?" बोरस्ते विचारतात.
मीच, म्हणते, आणि चपला काढून
शेडच्या गार मातीत बसते, पुढच्या एक्सलसमोर.

कसबे सुकेण्यात हा वीसेक वर्षं उभा.
द्राक्षाच्या दोन ओळींत मावत नाही, एवढाच गुन्हा.
शेजारी नवा, बुटका, अंगभर मोरचुदाचे डाग.
हा रुंद, गव्हाच्या काळातला,
सीटवर कोंबडी बसलेली. ती उठत नाही.

गंगापूर धरणाकडच्या हॉटेलवाल्यांना
तो फाटकापाशी ठेवायचाय. अट एकच: ओरिजिनल हवा.
त्यांचा माणूस कुलथे, पांढरे बूट, हातात यादी:
पहिला प्रकार, जाळी उभ्या पट्ट्यांची, दिवे जाळीच्या बगलेला.
दुसरा प्रकार, जाळी आडवी, दिवे मडगार्डवर.
यादीत तिसरा प्रकार नाही.

आधी पाटी. रिव्हेट गोल डोक्याचे, न उचकटलेले.
खोटी पाटी स्क्रूवर बसते, हुसेनखान सांगायचे,
द्वारकेजवळच्या त्या गाळ्यात, जिथे मी चौदाव्या वर्षी
चहा द्यायला गेले आणि पाना धरून राहिले.
स्क्रू दिसला की समज, कुणीतरी परत येऊन गेलंय.

मग रंग. नखाने खरवडते:
वर लाल, कुठल्याशा पोळ्याला बैलांबरोबर दिलेला,
त्याखाली निळा, का ते कुणालाच आठवत नाही,
आणि अगदी तळाशी राखाडी, कंपनीचा, पातळ, घट्ट.
डायनामो जाऊन आल्टरनेटर आलाय. चालायचंच.
डिझेलचा बोळा फिरवते ब्लॉकवर,
ओतकामाचा आकडा वर येतो, चिखलातून म्हैस उठावी तसा.

पण जाळी आडवी
आणि दिवे बगलेला.

"जोडकाम," कुलथे म्हणतो,
"दोन मेलेल्यांचा मिळून एक केलाय."
बोरस्ते काही बोलत नाहीत,
टोपी काढतात, परत घालतात.

मी मडगार्डखाली हात घालते, आंधळी बोटं.
दिव्यासाठी पाडलेली भोकं आहेत. दोन्ही बाजूंना.
त्यांत रबरी बुचं, आणि बुचांवरून
तोच राखाडी रंग वाहून वाळलेला, न तडकता.
म्हणजे बूच आधी, रंग नंतर. म्हणजे कारखान्यातच.

कुलथेसाहेब, बदल काय एका रात्रीत होतो?
नवी जाळी मंगळवारी आली असेल,
जुन्या दिव्यांची पेटी अजून अर्धी भरलेली.
फेकून का देतील? संपेपर्यंत लावली.
नव्या भोकांना कुणीतरी बुचं मारली, अंगठ्याने दाबली,
भोंगा झाला, तो डबा उचलून घरी गेला.
हा त्या मधल्या महिन्यातला आहे.
यादी करणाऱ्याला तो महिना कुणी सांगितला नसेल.

"मग मी खूण कुठे करू?"
समासात, मी म्हणते.

तो समास शोधत असताना मला क्लच दिसतो.
पॅडलला पुढून पोलादाचा तुकडा जोडलेला,
अडीच इंच, हातचं वेल्डिंग, पण देखणं, शिवण घातल्यासारखं.
"हे मात्र ओरिजिनल नाही," कुलथे खूश होऊन वाकतो,
"हे कापून टाकता येईल."

नाही ओरिजिनल, मी कबूल करते, आणि लिहिते:
क्लच वाढवलेला. काम पक्कं. तारीख माहीत नाही.

"तारीख माहितीये," बोरस्ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलतात.
"आईचा पाय पोचत नव्हता.
वडील एसटीत लागले, पेठ डेपोला,
त्या जूनमधलं आहे ते."

मी शेवटचे तीन शब्द खोडते.
जून लिहिते.
कोंबडी सीटवरून उतरते, तिच्या वेळेला.