झाकण

भुसावळ, जामनेर रोड, मे महिन्याची सत्तावीस.
शटर अर्धं खाली. कूलरमधला वाळा
पाणी ओतलं की तेवढ्यापुरता वास देतो.

लीलाधर ढाके सावद्याहून आले,
मागे पुतण्या, पुतण्याच्या मांडीत कॅबिनेट,
कॅबिनेटवर ओला टॉवेल.
"ताई, केळीच्या गाड्या भरायची वेळ झाली
की नेमका हा बसतो. दोनला मरतो,
साडेपाचला आपोआप उठतो."
मग माणसासारखाच आहे, म्हटलं मी.
ते हसले नाहीत. बिलं अडकली होती.

पंखा काढला. खाली प्रोसेसर:
कडांना दोन कान असलेलं पांढरं झाकण,
बिस्किटाएवढं,
वरची पेस्ट वाळून पानवाल्याच्या चुन्याची खपली.

लोकांना वाटतं, हे झाकण म्हणजेच चिप.
चिप आत असते. करंगळीच्या नखाएवढी,
आणि तिच्यातही जाळ सगळा एका कोपऱ्याला.
चुलीची एकच जीभ तव्याला लागली
तर कळण्याची भाकरी मधे करपते, कडेला कच्ची;
तवा जाड हवा, तांब्याचा असला तर बघायलाच नको.
झाकण म्हणजे तो तवा.

आधी झाकणं नसायची.
पद्माकर वाणींकडे मी काम शिकत होते तेव्हा
क्लिप बसवताना त्यांचा हात जरा जड पडला
आणि उघड्या चिपचा कोपरा उडाला.
आवाज, भातात खडा लागावा एवढा.
चार हजार रुपये.
त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही.

काचेवर पॉलिश पेपर अंथरला, सहाशे नंबरचा.
झाकणावर स्केचपेनने आडव्या रेघा मारल्या,
उलटं धरून घासलं, वीस वेळा, मग फिरवून वीस वेळा.
कडेच्या रेघा गेल्या. मधल्या तशाच.
म्हणजे आरशासारखं दिसणारं हे
मधोमध खोलगट आहे,
केसाएवढंच, पण उष्णतेला केस पुरतो अडायला.

घासत राहिले.
पांढरं उतरलं. कोपऱ्यांतून तांबडं वर आलं.

आमच्या गल्लीत रज्जाकचाचा उलटं करायचे.
खड्डा, कोळसे, भात्याची दोरी आम्हा पोरांच्या हातात,
नवसागराचा धूर नाकात,
आणि चिंधीच्या एका फटकाऱ्यात
तांबडं पातेलं आतून चांदण्यासारखं.
आमटी कळकू नये म्हणून.
चाचा, तुमच्यासारखीच कल्हई आज मी खरवडतेय,
निकेलची, दुसऱ्या कुठल्या देशातली.
तुम्ही असता तर म्हणाला असता, पोरी, भांडं वाया घालवलंस.

नाव गेलं. नंबर गेला.
कुठे बनला ते गावही त्या घासण्यात गेलं.
"आता वॉरंटी?" ढाक्यांनी विचारलं.
ती तीन वर्षांपूर्वीच संपली होती.

पुसताना कडेला एक छिद्र दिसलं, सुई जेमतेम जाईल असं.
हे दर वेळी दिसतं आणि दर वेळी मी थांबते.
कोणीतरी गार खोलीत बसून विचार केला असेल:
तापलं की आतली हवा फुगेल,
तिला बाहेर पडायला वाट ठेवू.
त्या माणसाला मी कधी भेटणार नाही.
पण त्याला कोंडणं म्हणजे काय ते ठाऊक होतं.

नवी पेस्ट, ज्वारीच्या दाण्याएवढी.
पंखा बसवला. एक तास पूर्ण ताणावर चालवला.
सत्त्याण्णव दाखवायचा, आता ब्याऐंशीवर थांबला.
ढाके म्हणाले, "बाहेर शेहेचाळीस आहे.
हा ब्याऐंशीत काम करतो. आणि आपण?"
पैसे मोजले, वीस कमी दिले.

उष्णता गेली कुठे, तर कुठेच नाही.
चिपमधून झाकणात, झाकणातून पत्र्यांत,
पत्र्यांतून पंख्याने दुकानात, माझ्या मानेवर.
दीपनगरच्या चिमणीखाली कोळसा जळतो,
तारेतून इथवर येतो,
आणि शेवटी माझाच घाम काढतो.

शटर वर केलं, थोडी जाऊ दे म्हणून.
रस्त्यावरची आत आली.