रिटचिंग

खजुरी बाजारात, पुस्तकांच्या दुकानांवर,
जिना असा की एक उतरेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं,
वर किरण फोटो स्टुडिओ.
इंदुरातल्या निम्म्या मराठी मुली तिथे
लग्नाआधी एकदा गोऱ्या झाल्या.

मलाही नेलं. एकोणीस वर्षांची होते.
आत्याची मोतिया साडी, शेजारच्या कर्डेकाकूंची चिंचपेटी,
आणि पावडर इतकी
की टेम्पोतला माणूस दोनदा वळून बघत होता.
"हनुवटी खाली. थोडं हसा. एवढं नको."
बाहेर बाकावर अण्णा पाकिटातल्या नोटा मोजत.

कॉपी तीन दिवसांनी. अण्णांची कचेरी,
म्हणून आणायला मीच गेले.
शफीमास्टर खिडकीशी, तिरक्या काचेवर वाकलेले,
पेन्सिलीला सुईसारखं टोक.
"ठहरो बेटा, तुम्हारा ही चल रहा है."

काचेवर मी होते, उलटी.
साडी काळीकुट्ट. दात काळे.
आणि पावडर संपते तिथून, मानेपासून खाली,
फिल्म नितळ,
खिडकीतलं ऊन सरळ आरपार.

ते सांगत होते, तांदूळ निवडल्यासारखं, मान वर न करता:
रंग सावळा असला की फिल्म रिकामी राहते,
उजेड जास्त जातो, कागद काळा पडतो.
म्हणून तिथे शिसं भरायचं. बारीक बारीक.

"म्हणजे मला गोरं करायला
तुम्ही मला काळं फासता?"

पेन्सिल थांबली.
चष्मा कपाळावर गेला.
"तीस साल में," ते म्हणाले, आणि पुढे काही म्हणालेच नाहीत.
मी म्हटलं, राहू द्या, जाऊ दे उजेड.
त्यांनी कापूस टर्पेंटाइनमध्ये बुडवला
आणि माझा गाल पुसला, फिल्मवरचा,
एवढा हळू की मला इकडे गार लागलं.

घरी अण्णांनी फोटो ट्यूबलाइटखाली धरला.
बराच वेळ.
"ही तर आपली शरूच आहे,"
तक्रार केल्यासारखं म्हणाले.

फोटो देवासला गेला, धारला गेला, परत आला.
सोबत कार्ड: मुलगी वळणदार, पण योग नाही.
मी काही एकदम धीट वगैरे झाले नाही.
पुढची दोन वर्षं साय-हळद लावतच होते.
फक्त लावताना हसू यायचं,
आणि मग एकदा हसता हसता
वाटीतली साय पोळीला लावून खाल्ली.

आता सव्वीस वर्षं एम.वाय.च्या एक्स-रे खोलीत.
प्लेटपुढे उभं राहताना बायका अजून
केसांवरून हात फिरवतात.
मी थांबते. फिरवून होऊ देते.

काल बाणगंगेची एक पोरगी,
हात मोडलेला,
अर्ध्या चेहऱ्यावर स्टोव्हचा जुना डाग,
त्यावर घट्ट ओढणी.
फिल्म खिडकीशी धरली तशी जवळ सरकली.
"कैसा आया?"

मनगटाच्या वर मोडल्याची तिरपी रेघ.
बाकी हाडाहाडांतून ऊन येत होतं.
"छान आलंय," मी मराठीतच म्हणाले.
"यावर पेन्सिल नाही लावायची कुठे."
तिला काय कळलं कोण जाणे.
फिल्म मागून घेतली, स्वतः धरली उजेडात,
बघत राहिली.

ओढणी घसरली. सावरली नाही तिने.
दुसरा हात गळ्यात होता,
म्हणूनही असेल.